बाळूशी कागद केलाय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन लावा. नौपाड्याच्या घराचा बाळूशी लिव्ह अँड लायसन्सचा करार केला परवा. अकरा महिन्यांचा, रजिस्टर केलेला. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही दिलेल्या मुखत्यारपत्रावर मीच सही केली. विचारलं असतं तर म्हणाला असतात, "बहिणीच्या पोराशी कसला कागद?"

बाळू वाईट नाही. आईची तुळस त्याने माझ्यापेक्षा चांगली जगवलीय. पण 'चार महिने' म्हणून आलेल्याला या पाडव्याला अकरा वर्षं झाली. गॅस, लाइटबिल, पोराच्या शाळेचा पत्ता, सगळं तिथलं. आपल्याकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि तुमचा शब्द.

खोपट डेपोत तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचात. तिकीट मागाहून निघायचं, तरी त्या जागेवर कोणी बसत नसे. ताबा म्हणजे तोच रुमाल, आणि कायदाही त्याला बराच मान देतो. परक्याच्या घरात कोणी उघडपणे, सलग, मालकाचा हक्क झुगारून बारा वर्षं राहिला, तर घर परत मागायचा मालकाचा हक्कच बुडतो. बाळूला हे लागू नाही, तो तुमच्या परवानगीने राहतोय. असा ताबा पन्नास वर्षांनीही मालकी होत नाही. पण परवानगी होती हे दाखवावं लागतं. गोव्यात बहिणीच्या घरात राहणाऱ्या भावाचं असंच भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2012 मध्ये निकाल बहिणीच्या बाजूने लागला, पण नातं काय उरलं असेल, आई, तूच सांग.

आणि दिवाळीत तुम्ही रागाने म्हणालात ना, "कुलूप बदलून टाक"? तसं केलं असतं तर बाळूच कोर्टात गेला असता. जबरदस्तीने काढलेल्याने सहा महिन्यांत दावा लावला, तर मालक कोण हे न बघताही ताबा परत मिळू शकतो. शिवाय करार रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. तो केला नाही, तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. आता कागदावर स्पष्ट आहे: बाळू राहतो, तुमच्या मर्जीने, मुदतीपुरता. उद्या मी आणि दादासुद्धा वेगळं काही म्हणू शकणार नाही.

तुमची आतली खोली करारातून वगळलीय, किल्ली माझ्याकडे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, आरामखुर्चीची वेतपट्टी नवी केलीय. तपासणीला याल तेव्हा थेट तिथेच उतरा. आई, तुझा पाटा-वरवंटा जागचा हललेला नाही. मला ताप आला की तू त्याच्याशेजारी मला गोधडीत गुंडाळून ठेवायचीस, तेवढं एक घर मला अजून लागतं गं.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच, जेवणानंतर आठवेल तेव्हा नव्हे. शिंपणं करताना विहिरीच्या कठड्यावर चढायचं नाही. आणि कुसुमआत्याला तुम्ही फोन करू नका. आई करेल. आई, आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी कर, करारावर मग ये.

तुमची,
चिमी

ता. क. बाळूला घर रंगवायचंय. दाराच्या चौकटीवरच्या आमच्या उंचीच्या रेघा सोडून, असं करारातच लिहून घेतलंय. एजंट हसला.