सूचना : जोडीदार गेल्यानंतर पुन्हा लग्न ठरवताना

सर्व सभासदांना नमस्कार. काहींची बोलणी लग्नापर्यंत आली आहेत, याचा मनापासून आनंद आहे. तारीख धरण्याआधी एवढं वाचा.

सुरुवातीच्या भेटी दिवसाच, सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात किंवा हुतात्मा बागेत ठेवा आणि घरी सांगून जा. कुणी पैसे मागितले तर लगेच आम्हाला कळवा. गेलेल्या माणसाचा विषय टाळू नका. भिंतीवरचा फोटो राहणार की नाही, हेसुद्धा आधीच बोलून घ्या. पुढचे रुसवे तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठा घोळ पेन्शनचा. ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) ची विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर बंद होते. गिरणी कामगारांच्या पत्नींनी हे नीट ध्यानात घ्यावं. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तोंडी उत्तरावर विसंबू नका, लेखी घ्या.

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवं. लग्न करणार असल्याची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची, त्यानंतर ३० दिवस थांबायचं, नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न उरकायचं, साक्षीदार ३. ही नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, म्हणून मुलांना आधी तुमच्याच तोंडून कळू द्या. मृत्यू दाखला आणि आधारवरची नावं जुळतात ना, हे आजच पाहा.

मुलांचा विरोध बहुतेक घरावरून असतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; मृत्युपत्र करा. त्याला २ साक्षीदार लागतात, पण ज्याला हिस्सा देणार त्याला साक्षीदार करू नका.