एले नीस यांच्यावरील पुराव्याविना आरोप

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या मोटार शर्यतींवरचा लेख मी आवडीने वाचला. परंतु त्यात फ्रान्सच्या शर्यतपटू एले नीस यांची ‘जर्मनांची हस्तक असल्याचा संशय असलेली नर्तकी’ अशी एका वाक्यात बोळवण केलेली पाहून फार वाईट वाटले. त्या वाक्यापुरतेच हे पत्र आहे.

या संशयाचा उगम 1949 सालच्या एका संध्याकाळी आहे. युद्धानंतरच्या पहिल्या माँटे कार्लो रॅलीच्या निमित्ताने भरलेल्या मेजवानीत लुई शिराँ या नामवंत शर्यतपटूने, एले नीस युद्धकाळात गेस्टापोच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, हस्तक होत्या, असा आरोप चारचौघांत केला. शिराँ मूळचे मोनॅकोचे, तिथे सर्वांचे लाडके. त्यांच्यापुढे या बाईंचा शब्द कोण ऐकणार? आरोपाला पुरावा त्या वेळी दिला गेला नाही, नंतरही नाही, आणि पुढे त्यांच्या चरित्रकारांनी जर्मन दप्तरे तपासली तेव्हाही आधार म्हणता येईल असे काही सापडले नाही. तरीही प्रायोजकांनी पाठ फिरवली आणि त्यांची शर्यतींतील कारकीर्द तिथेच संपली. शाबीत न झालेली ती गोष्ट पंचाहत्तर वर्षांनंतर आपल्या पुरवणीत पुन्हा ‘संशय’ म्हणून छापली जावी, हे मला योग्य वाटत नाही.

मी छत्तीस वर्षे मोटारदुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे त्यांनी चालवलेल्या गाडीविषयी थोडे लिहितो. बुगाटीची ‘35 सी’ ही दोन लिटरची, आठ सिलिंडरची, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेली गाडी. तिच्या गिअरचा दांडा बॉडीच्या बाहेर, उजव्या हाताला असे. म्हणजे गिअर टाकताना चालकाचा हात वाऱ्यात. सीटबेल्ट नाही, डोक्याला कापडी किंवा चामडी टोपी, आणि स्टिअरिंगचा प्रत्येक हिसका थेट मनगटात. पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकची एक फेरी अडीच किलोमीटरची, आणि तिची वळणे काँक्रीटची, उतरत्या छपरासारखी तिरकी. डिसेंबर 1929 मध्ये एले नीस यांनी तिथे ताशी 190 किलोमीटरच्या वर वेग राखून स्त्रियांचा विक्रम केला. या वेगाने एक फेरी पन्नास सेकंदांच्या आत पुरी होते आणि लगेच पुढचे तिरके वळण समोर येते. हे काम केवळ रंगमंचावरील रूपाच्या जोरावर होणारे नव्हे, हे गाडीखाली आडवा पडून काम केलेला कोणीही सांगेल.

त्या नर्तकी होत्या हे मात्र खरे, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मारिएत एलेन दलाँग्ल हे त्यांचे जन्मनाव, वडील ओने-सू-ओनो या खेड्यात पोस्टमन. पॅरिसला येऊन त्यांनी ‘कॅसिनो द पारी’सारख्या रंगमंचावर नाव कमावले आणि स्कीइंग करताना गुडघा कायमचा दुखावल्यावर पूर्णपणे शर्यतीकडे वळल्या. 1930 मध्ये त्यांनी अमेरिकेत मिलर या तिथल्याच कंपनीची शर्यतीची गाडी चालवली. 10 सप्टेंबर 1933 रोजी इटलीतील मोंझाला काम्पारी, बोर्झाकिनी आणि चायकोव्स्की हे तीन शर्यतपटू एकाच दिवशी अपघातात गेले, त्या दिवशीच्या शर्यतीत त्याही उतरलेल्या होत्या.

1936 च्या जुलैत साओ पावलो येथील शर्यतीत, शेवटच्या टप्प्यात, त्यांची अल्फा रोमिओ गवताच्या भाऱ्याला धडकून प्रेक्षकांत उलटली. काही प्रेक्षक दगावले, तीसहून अधिक जखमी झाले. त्या स्वतः गाडीबाहेर फेकल्या जाऊन एका सैनिकावर आदळल्या. तो सैनिक गेला, आणि बाई तीन दिवस बेशुद्ध राहून वाचल्या. ज्या देशात एवढा अनर्थ घडला, त्या ब्राझीलमध्येच अनेक आईबापांनी मुलींची नावे ‘एलेनीसी’ ठेवली. पुढच्याच वर्षी त्या माँलेरीला परतल्या आणि ओदेत सिको, सिमोन दे फोरे व क्लेअर देकोला या तिघींबरोबर दहा दिवस, दहा रात्री आळीपाळीने गाडी पळती ठेवून त्यांनी सहनशक्तीचे विक्रम केले. लेखात यातले काहीच नाही, याचे मला सर्वांत जास्त दुःख आहे.

शेवटची वर्षे त्यांनी नीस शहरात भाड्याच्या खोलीत काढली. त्यांना मदत मिळाली ती वृद्ध, निराधार रंगकर्मींसाठी चालवलेल्या ‘ला रू तूर्न’ या संस्थेकडून. म्हणजे ज्या रंगमंचाचा उल्लेख लेखात हिणवल्यासारखा झाला आहे, त्याच रंगमंचाच्या माणसांकडून. 1984 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या अस्थी कुटुंबाच्या थडग्यात ठेवल्या गेल्या, पण त्यावर त्यांचे नाव कोरलेले नव्हते; नावाची पाटी बसली ती 2010 मध्ये.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढील रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, तीत आरोप शाबीत झाला नाही हे स्पष्ट लिहावे, आणि माँलेरीच्या विक्रमाचे साल त्यांच्या नावापुढे द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली