प्रशिक्षण विमानांच्या इंधन पंपांविषयी नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,

सादर नमस्कार. बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव येथून वैमानिक होऊ पाहणारी मुले ज्या एका इंजिनाच्या विमानांतून उडतात, त्यांतील इंधन पंपाकडे विमान देखभाल अभियंता या नात्याने आपले लक्ष वेधत आहे.

सेस्ना १५२ च्या टाक्या पंखांत, इंजिनाहून वर असल्याने इंधन आपोआप खाली उतरते. पायपर चेरोकीचे पंख खाली असल्याने तेथे ते वर खेचावे लागते, आणि त्यासाठी इंजिनावर चालणारा एक पंप व जोडीला विजेवरचा दुसरा असतो. पहिल्या पंपातील लवचीक पडदा उष्णतेने आणि वयाने कडक होऊन चिरतो. निचरा नळीच्या तोंडाशी एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, निळसर डाग दिसला, तर पडदा गळू लागला असे समजावे. हा डाग पाहायला हत्यार लागत नाही. पुढच्या उड्डाणाची घाई नसलेला माणूस लागतो, आणि तोच आमच्याकडे दुर्मीळ आहे.

जमिनीवरून उड्डाण घेताना दोन्ही पंप चालू असतात, त्यामुळे मुख्य पंप निकामी झाला तरी दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यातच राहतो आणि दोष उंचीवर विजेचा पंप बंद केल्यावरच उघड होतो. म्हणून इंजिन सुरू झाल्यावर, जमिनीवरच, विजेचा पंप बंद ठेवून दाब पाहणे ही औपचारिकता मानता येणार नाही.

विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, नुकत्याच थांबलेल्या गरम इंजिनाच्या आवरणाखाली नळ्यांतील इंधनाची वाफ होते, आणि द्रवासाठी बनवलेल्या पंपाला ती नीट ढकलता येत नाही. काही हलक्या विमानांतील रोटॅक्स ९१२ इंजिने मोटारीच्या पेट्रोलवरही चालतात. मात्र निर्मात्याची मान्यता इथेनॉलच्या १० टक्क्यांपर्यंतच आहे आणि रस्त्यावरच्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिश्रण सर्रास मिळते. स्वस्त म्हणून ते कोणी टाकीत भरणार नाही, असे गृहीत धरणे मला भाबडेपणाचे वाटते.

याच इंजिनाच्या निर्मात्याने नळ्यांसह रबरी भाग आणि इंधन पंप दर ५ वर्षांनी बदलायला सांगितले आहे. विमान वर्षभर उभे असले तरी रबराचे वय थांबत नाही, हे केवळ उड्डाणतास मोजणाऱ्या नोंदवहीत दिसत नाही. शिवाय निर्मात्यांची सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे देखभालीविषयीची सूचनापत्रे, सहसा शिफारशीच्या स्वरूपाची असतात. नियामकाने आदेश काढल्याशिवाय ती बंधनकारक होत नाहीत, आणि खर्चाची चणचण असलेली संस्था शिफारस पुढे ढकलते.

म्हणून विनंती अशी, की इंधन पंपांविषयीची बुलेटिन प्रशिक्षण विमानांपुरती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बंधनकारक करावीत, पंपाला तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा घालावी, आणि प्रशिक्षण संस्थांत पंप निकामी झाल्याच्या नोंदी, संस्थेचे नाव वगळून का होईना, सर्व देखभाल अभियंत्यांना पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध कराव्यात. पंप कोणत्या वयात आणि कोणत्या हवामानात फुटतात, हे आज प्रत्येक हँगर स्वतःपुरते शिकतो.

कळावे,
आपला नम्र,
एक परवानाधारक विमान देखभाल अभियंता