विझार्डची शाखा केवळ डॅमेजच्या आकड्यावरून ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत, काल्पनिक पात्रे साकारत खेळायच्या खेळाची नवख्यांना ओळख करून देणारा लेख वाचला. गेली सात वर्षे ठाण्यात मित्रमंडळींसोबत हा खेळ खेळत असल्याने मराठी वृत्तपत्राने त्याला एवढी जागा दिलेली पाहून मनापासून आनंद झाला. मात्र विझार्ड या जादूगार पात्राच्या शाखांची, म्हणजे खेळाडू ज्यांना सबक्लास म्हणतात त्यांची, तुलना करताना लेखकाने स्फोटक मंत्रांत तरबेज असलेल्या इव्होकरला निर्विवाद पहिला क्रमांक दिला आहे आणि नव्या खेळाडूने दुसरा विचारच करू नये असे सुचवले आहे. ही तुलना मला अपुरी वाटते, म्हणून हे पत्र.

आधी तपशिलाविषयी. लेखातील इव्होकर अर्धा २०१४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या मुख्य नियमपुस्तकातला आहे आणि अर्धा २०२४ च्या आवृत्तीतला. जुन्या पुस्तकात विझार्डच्या आठ शाखा होत्या आणि निवड पात्राच्या दुसऱ्या लेव्हलला (प्रगतीच्या टप्प्याला) करायची असे. नव्या पुस्तकात अ‍ॅब्जुरर, डिव्हायनर, इव्होकर आणि इल्युजनिस्ट या चारच शाखा आहेत आणि निवड तिसऱ्या लेव्हलला होते. लेखात ज्याचे सर्वाधिक कौतुक आहे त्या ‘स्कल्प्ट स्पेल्स’ या कौशल्याच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. या कौशल्यामुळे विझार्ड आपल्या स्फोटक मंत्राच्या आवाक्यात सापडलेल्या सोबत्यांना पूर्णपणे वाचवू शकतो. किती जणांना, तर मंत्राची लेव्हल (ती पात्राच्या लेव्हलहून वेगळी असते) अधिक एक, म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या ‘फायरबॉल’मधून चौघांना. जुन्या नियमांत हे कौशल्य सुरुवातीलाच मिळत असल्यामुळे पाचव्या लेव्हलला ‘फायरबॉल’ हाती आला की लढाईच्या ऐन गर्दीतही तो निर्धास्तपणे टाकता येई. नव्या नियमांत मात्र हे कौशल्य सहाव्या लेव्हलला मिळते. त्यामुळे संपूर्ण पाचवी लेव्हल इव्होकरच्या हाती वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा असतो आणि त्यातून मित्रांना वगळण्याची सोय नसते. नवख्या खेळाडूला शाखा सुचवताना ही गोष्ट सांगायलाच हवी होती.

आता मूळ मुद्दा. लेखातील तुलना पूर्णपणे डॅमेजवर, म्हणजे शत्रूला होणाऱ्या इजेच्या आकड्यावर, उभी आहे. ‘फायरबॉल’चे सहा बाजूंचे आठ फासे सरासरी २८ डॅमेज देतात, हे खरेच आहे, पण हा मंत्र कोणत्याही शाखेच्या विझार्डला शिकता येतो. म्हणून शाखा निवडताना डॅमेजपेक्षा वेगळा प्रश्न विचारावा असे मला वाटते: हा विझार्ड टेबलाभोवतीच्या इतरांसाठी काय करू शकतो, आणि ते नेमके कोणत्या क्षणी?

या कसोटीवर संरक्षक मंत्रांत तरबेज असलेल्या अ‍ॅब्जुररकडे पाहावे. विझार्ड हे सर्वांत नाजूक पात्रांपैकी एक आहे. तिसऱ्या लेव्हलचा, १४ कॉन्स्टिट्यूशन (शारीरिक काटकपणा) असलेला विझार्ड सरासरीने २० हिट पॉइंटवर (जीवशक्तीच्या गुणांवर) उभा असतो. अ‍ॅब्जुररचे जादुई कवच लेव्हलच्या दुप्पट अधिक बुद्धिमत्तेचा मॉडिफायर (त्या गुणावरून मिळणारी भर) इतके असते, म्हणजे १६ बुद्धिमत्ता असेल तर ९ हिट पॉइंटचे. मूळ शक्तीच्या जवळजवळ निम्मी भर त्यातून पडते, आणि संरक्षक मंत्र टाकला की ते कवच पुन्हा भरू लागते. सहाव्या लेव्हलपासून हेच कवच तीस फुटांच्या आतल्या सोबत्यापुढे धरता येते. आघाडीवर लढणारा मित्र कोसळण्याच्या बेतात असताना त्याच्यावरचा घाव आपल्या कवचावर झेलणे हा या खेळातला मला सर्वांत प्रिय क्षण आहे, आणि डॅमेजच्या तक्त्यात त्याला रकानाच नसतो.

भविष्य जाणणाऱ्या डिव्हायनरचा लेखात केवळ उल्लेख आहे. त्याचे ‘पोर्टेंट’ हे कौशल्य माझ्या मते या पुस्तकातील सर्वांत सुंदर रचना आहे. दीर्घ विश्रांतीनंतर वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे, आलेले आकडे लिहून ठेवायचे आणि दिवसभरात आपल्या, सोबत्याच्या किंवा नजरेसमोरच्या शत्रूच्या फाशाऐवजी ते वापरायचे; अट एवढीच की समोरचा फासा पडण्यापूर्वी निर्णय जाहीर करायचा. दोनपैकी किमान एक आकडा ५ किंवा त्याखाली अथवा १६ किंवा त्यावर असण्याची शक्यता ७५ टक्के असते. येथे वाईट आकडाही वाया जात नाही. आमच्या गटात पहिल्यांदाच खेळणाऱ्या माझ्या भाचीला एका सकाळी ३ आणि ११ असे आकडे आले, तेव्हा तिचा चेहरा पडला होता. संध्याकाळी शत्रूच्या म्होरक्यावर ‘होल्ड पर्सन’ हा हालचाल थांबवणारा मंत्र टाकताना तिने तोच ३ त्याच्या सेव्हिंग थ्रोच्या, म्हणजे मंत्रातून सुटण्यासाठी टाकायच्या फाशाच्या, जागी ठेवला, तो जागीच खिळला आणि पुढचा सारा डाव तिच्या चार सोबत्यांनी पार पाडला. तिने स्वतः एकाही हिट पॉइंटचे डॅमेज केले नव्हते.

भ्रम निर्माण करणाऱ्या इल्युजनिस्टविषयी एवढेच म्हणेन की त्याची ताकद खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरवर फार अवलंबून असते. भ्रमाला शत्रू कसा प्रतिसाद देईल हे तोच ठरवतो, त्यामुळे निवडीपूर्वी त्याच्याशी बोलून घ्यावे.

इव्होकर नवख्यांसाठी सोपा आहे, हे मला मान्य आहे. परंतु तोच सर्वत्र सुचवला जाण्यामागे आणखी एक कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली खुल्या झालेल्या नियमावलीत विझार्डची इव्होकेशन, म्हणजे इव्होकरची, ही एकच शाखा आहे. महागडे पुस्तक विकत न घेता सुरुवात करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच तीच प्रथम भेटते. जे सहज हाती लागते त्याला सर्वोत्तम म्हणणे नव्या खेळाडूंवर अन्याय करणारे आहे.

या विषयावर पुढे लेख येणार असेल, तर कोणत्या वर्षीचे नियम गृहीत धरले आहेत ते आरंभीच नमूद करावे आणि अ‍ॅब्जुरर व डिव्हायनर यांना किमान एकेक परिच्छेद द्यावा, ही नम्र विनंती.

— एक वाचक, ठाणे