आबा, अर्ज मी भरला नाही

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीला अमळनेरहून आणलेली कागदांची पिशवी अजून इथे नाशिकला कपाटावरच आहे. तुमच्या पाणपोईचा ट्रस्ट नोंदवायचा अर्ज मी भरला नाही, भरणारही नाही. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

रागावू नका, आधी ऐका. ऑफिसात दिवसभर मी हेच करते. आयकरात 12ए म्हणून ओळखतात ती नोंदणी म्हणजे संस्थेच्या जमेवर कर नाही, 80जी म्हणजे देणाऱ्याला करात सवलत. आधी ट्रस्ट नोंदवा, पॅन काढा, मग या दोन्हींचा अर्ज. मिळतं ते तात्पुरतं, 3 वर्षांचं. पुढे दरसाल ऑडिट आणि 31 मेच्या आत देणगीदारांची यादी ऑनलाइन. भर मे महिन्यात तुम्ही रांजण भरणार की याद्या? बरं, 2,000च्या वर रोख दिली तर सवलत नाही, ज्वारीचं पोतं दिलं तर नाहीच, आणि नव्या कररचनेत गेलेल्याला पावतीचा उपयोग शून्य. आपल्याकडे देणारे सगळे रोखीवाले नाहीतर पोतंवाले! विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायची. तुम्ही नऊ जण, सगळ्यांची सत्तरी उलटलेली... म्हणजे सह्यांसाठी हेलपाटे कोण घालणार, एवढंच म्हणायचंय.

देणगी देणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना मीच कळवलं, सवलतीची पावती मिळणार नाही, द्यायचेच तर रांजण घेऊन द्या. ते तयार आहेत. तुम्हाला न विचारता बोलले, चुकलंच माझं. पण बाहेरच्यांकडून रोख आता घेऊ नका. पाणपोईपुरती तुमची आपापसातली वर्गणी पुरते. उद्या कंपनीचा पैसा घेऊन मोठं काम काढलंत, तर नोंदणीला मीच धावेन.

आबा, स्टँडवरच्या रांजणाचं लाल फडकं ओलं करायचं काम माझं असायचं. पिळताना कोपरापर्यंत पाणी ओघळायचं, आणि तुम्ही हातावर गुळाचा खडा ठेवायचात, “आईला सांगू नको” म्हणत. आई, आज सांगितलं बघ.

आता मुकाट्याने ऐकायचं. 11 नंतर उन्हात जायचं नाही. कळशी तुम्ही उचलायची नाही, पोराला 20 रुपये द्या. बीपीची गोळी न्याहारीनंतर लगेच. आई, कूलरमध्ये पाणी ओतताना आधी बटण बंद कर. मागे झटका बसला तो आबांपासून लपवलास, माझ्यापासून नाही. बिबड्या मी आल्यावर घालू, तोवर गच्चीवर चढायचं नाही.

हिशेबाची वही कुरिअरने पाठवते. तिसऱ्या पानावर ‘चहा 40’ दोनदा लिहिलाय, एक खोडा.

तुमची,
बेबी