शिवी कुठल्या खुर्चीतून आली, ते आधी शोधा

महोदय,

मैदानावर दोन संघांच्या चाहत्यांत शिवीगाळ झाली, बाटल्या भिरकावल्या गेल्या, की दुसऱ्या दिवशी दोन मागण्या हमखास होतात. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना मज्जाव करा आणि यजमान संघाला जबर दंड ठोका. कडक कारवाई केल्याचे समाधान दोन्हींत मिळते. मात्र हे दोन्ही उपाय करून झालेले आहेत, आणि प्रत्यक्ष शिवी देणाऱ्याला त्यांची झळ क्वचितच बसते. प्रेक्षक व्यवस्थेचे काम करणाऱ्यांची ही बाजू मांडण्यासाठी हे पत्र.

सरसकट बंदी ही काही आजची कल्पना नाही. इ.स. 59 मध्ये पॉम्पेईच्या आखाड्यात तिथले आणि शेजारच्या नुकेरियाचे प्रेक्षक एकमेकांना आधी टोमणे मारू लागले, मग दगड आले, मग शस्त्रे निघाली. रोमच्या सिनेटने तिथल्या खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. अर्जेंटिनाने 2013 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांना प्रवेश बंद केला. पुढे नोव्हेंबर 2018 मध्ये तिथले कट्टर प्रतिस्पर्धी क्लब रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स कोपा लिबर्टाडोरेस या दक्षिण अमेरिकी क्लब स्पर्धेच्या अंतिम लढतीत समोरासमोर आले, तेव्हाही स्टँडमध्ये फक्त यजमानांचेच लोक असणार होते. पण बोकाची बस मैदानाजवळच्या गर्दीतून नेली गेली. काचा फुटल्या, खेळाडू जखमी झाले आणि तो सामना अखेर 9 डिसेंबरला अटलांटिकपलीकडे माद्रिदमध्ये खेळवावा लागला. म्हणजे बंदी स्टँडमध्ये होती आणि वैर रस्त्यावर उभे होते.

इंडोनेशियातील मलांगचे उदाहरण याहून भीषण आहे. 1 ऑक्टोबर 2022 रोजी अरेमा विरुद्ध पर्सेबाया या फुटबॉल सामन्यात पाहुण्या पाठीराख्यांना प्रवेशच नव्हता. यजमान हरले, काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी स्टँडच्या दिशेने अश्रुधूर सोडला आणि निघण्याच्या दारांशी लोक चेंगरले. 135 जणांचा जीव गेला. मैदानात अश्रुधूर वापरू नये असे फिफाची सुरक्षा नियमावली सांगते, ते याच कारणाने. उघड्या रस्त्यावर माणूस धुरापासून पळू शकतो. स्टँडमध्ये पळायची वाट एकच, आणि ती अरुंद जिन्याची.

दंडाचे म्हणाल तर मेक्सिकोकडे पाहावे. प्रतिस्पर्धी गोलकीपर गोलकिक घेतो त्या क्षणी हजारो लोक एकसुरात एक समलिंगीद्वेषी शिवी ओरडतात. फिफाने तिथल्या महासंघाला अनेकदा दंड केला, प्रेक्षकांविना सामने खेळायला लावले. तरी जून 2023 मध्ये लास व्हेगासमधील अमेरिका–मेक्सिको उपांत्य सामना याच ओरडण्यापायी रेफरीला वेळेआधी संपवावा लागला. दंड भरतो महासंघ. ओरडणारा आपल्या खुर्चीत निवांत.

स्टँड मुलांनी भरला की शिवी थांबते, असेही नाही. इस्तंबूलमध्ये सप्टेंबर 2011 मध्ये चाहत्यांच्या गोंधळाबद्दल शिक्षा झालेल्या फेनरबाहचे क्लबच्या सामन्याला पुरुषांना मज्जाव होता; फक्त बायका आणि मुले, 41 हजारांहून अधिक, आली आणि तो सामना आनंदात पार पडला. याच धर्तीवर जून 2022 मध्ये बुडापेस्टला हंगेरी–इंग्लंड सामना शाळकरी मुलांपुढे झाला. वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकणाऱ्या इंग्लिश खेळाडूंची त्या मुलांनी हुर्यो उडवली. घरच्या सोफ्यावर जे ऐकले तेच ती बोलली, दुसरे काय!

मग करायचे काय? आधी रेषा स्पष्ट हवी. पंचाची दृष्टी, कर्णधाराचे डोके, हुकलेला झेल यांवर टवाळी चालेल, हुर्योही चालेल. वंश, वर्ण, धर्म, जात, लिंग, आईबहीण, मृतांची चेष्टा, मारण्याची धमकी, यातले काही आले की ती टवाळी राहत नाही. ही रेषा तिकिटावर मोठ्या अक्षरांत छापावी. ‘असभ्य वर्तन करू नये’ ही ओळ कोणालाच लागू होत नाही, कारण प्रत्येकाच्या मते असभ्य तो शेजारचा.

शिवीगाळ अचानक उसळते हा गैरसमज आहे. तिच्या वेळा आणि जागा ठरलेल्या असतात. पाहुणा संघ सरावाला बाहेर येतो तेव्हा, वादग्रस्त निर्णयानंतर, निकाल स्पष्ट झालेल्या शेवटच्या भागात, आणि सर्वांत धोक्याची म्हणजे सामना सुटल्यावर. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभा असलेला क्षेत्ररक्षक हे हक्काचे सावज: तो हलू शकत नाही आणि हाकेच्या अंतरावर असतो. सामूहिक घोषणेचा आरंभही तीन-चार जणांपासून होतो. त्यांतला एक बहुधा मैदानाकडे पाठ करून, कठड्याला टेकून उभा असतो. हातात ढोल नाहीतर भोंगा. आजूबाजूच्या दोन रांगांनी साथ दिली तर घोषणा वर चढते, नाही दिली तर विरते. सगळा खेळ त्या पहिल्या काही सेकंदांचा असतो.

म्हणून स्टुअर्डने, म्हणजे स्टँडमध्ये प्रेक्षकांवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने, सामना बघायचा नसतो. त्याचे तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ खेळाकडे हवी. ब्रिटनमध्ये साधारण 250 प्रेक्षकांमागे एक स्टुअर्ड आणि जोखमीच्या भागात 100 मागे एक, असे प्रमाण रूढ आहे. संख्या कागदावर भरते. पण ऐनवेळी रोजंदारीवर आणलेली, स्टँडचे नकाशेही न पाहिलेली मुले उभी केली तर ती गोल झाला की स्वतःच नाचू लागतात.

हस्तक्षेपाची पद्धतही ठरलेली असावी. एकट्याने जाऊ नये. दोघांनी जिन्याच्या बाजूने वर जावे, तिसऱ्याने वरच्या रांगेतून नजर ठेवावी. आधी कॅमेऱ्यावर खात्री करावी, रांग आणि खुर्चीचा क्रमांक टिपावा, आणि खेळात खंड पडेपर्यंत थांबावे. गोल किंवा विकेट पडल्या पडल्या कोणाला उठवू नये. अख्खी रांग अंगावर येते. समोरून बोट दाखवून दम देणे ही सर्वांत मोठी चूक, कारण त्या माणसाला चारचौघांत माघार घेता येत नाही आणि क्षणात तो रांगेचा हिरो होतो. त्याला मागच्या पॅसेजमध्ये बोलावून, मित्रांच्या नजरेआड, खुर्चीच्या क्रमांकासह एकदाच समज द्यावी. दुसऱ्या वेळी बाहेर. धमकी किंवा वर्णद्वेष असेल तर पहिल्याच वेळी.

चुकीचा माणूस उठवला गेला तर काय होते ते जानेवारी 2021 च्या सिडनी कसोटीत दिसले. मोहम्मद सिराजने तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढले गेले. नंतरच्या चौकशीत भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिव्या दिल्या गेल्याचे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केले; पण माध्यमांच्या कॅमेऱ्यांत दिसलेले ते प्रेक्षक त्यात नव्हते, असेही सांगितले. खेळाडू दिशा दाखवू शकतो, खुर्ची नाही. ते काम ध्वनिमुद्रणासह असलेल्या कॅमेऱ्याचे आणि शेजाऱ्याच्या तक्रारीचे.

त्या तक्रारीसाठी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर मेसेजचा क्रमांक छापलेला असावा. तक्रारीत स्टँड, रांग, खुर्ची, वेळ आणि नेमके शब्द लिहावेत. ‘आमच्या मागे कोणीतरी’ एवढ्यावर काही होत नाही. समोर मोबाइल धरून चित्रण करू नये. भांडण तिथेच पेटते. नियंत्रण कक्षाने काही मिनिटांत उत्तर दिले नाही तर लोक पुढच्या सामन्यापासून मेसेज पाठवतच नाहीत.

पोलिसांच्या वागण्याचा परिणाम तर थेट मोजता आला आहे. 2004 च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालमधील सामन्यांच्या शहरांत पोलीस साध्या गणवेशात, जोडीने, चाहत्यांशी बोलत फिरत होते. दंगलविरोधी तुकड्या नजरेआड ठेवल्या होत्या. तिथे इंग्लिश चाहत्यांचा मोठा दंगा झाला नाही. किनाऱ्यावरच्या अल्बुफेरात बंदोबस्त दुसऱ्या दलाकडे होता, ही पद्धत नव्हती, आणि दंगल तिथेच झाली. चाहते तेच, देश तोच.

लँकेस्टर विद्यापीठाचा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघाविषयी लिहायला लावले आणि मग वाटेत एक धावणारा माणूस घसरून पडला. अंगात युनायटेडचा शर्ट असला तर बहुतेकांनी मदत केली. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला तर फार थोड्यांनी. दुसऱ्या वेळी त्यांना ‘फुटबॉलचे चाहते’ म्हणून लिहायला लावले. आता लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही जवळजवळ तितकीच मदत मिळाली. साधा शर्ट घातलेला मात्र पडून राहिला. तात्पर्य, ध्वनिक्षेपकावरची वाक्यरचना महत्त्वाची. ‘पाहुण्यांना शिव्या देऊ नका’ म्हटले की दोन गट आणखी घट्ट होतात. आणि दर षटकाअखेर डिवचणारी गाणी वाजवणाऱ्या डीजेला आवरायचे नाही व प्रेक्षकांकडून संयम मागायचा, हे कसे चालेल? याबाबतीत खेळाडूचा शब्द घोषणेहून भारी पडतो. 2019 च्या विश्वचषकात ओव्हलवर स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवणाऱ्या भारतीय चाहत्यांना विराट कोहलीने हातानेच टाळ्या वाजवायला सांगितले. पोस्टर मोहिमांवर खर्च करण्याआधी कर्णधारांशी बोलावे.

दारूबद्दल एकच उदाहरण पुरे. अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये 4 जून 1974 रोजी बेसबॉल सामन्याला 10 सेंटला बिअर विकली. एका वेळी सहा ग्लासांची मर्यादा होती. कितीदा घ्यायची, याला नव्हती. प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना पाहुण्यांना बहाल झाला. आठवडाभर आधी याच दोन संघांत मारामारी झाली होती, तरी बेत बदलला नव्हता.

सामना सुटल्यावर एका बाजूच्या चाहत्यांना थांबवून ठेवायचे असेल तर ते शेवटच्या शिट्टीआधी जाहीर करावे, किती मिनिटे ते सांगावे, स्वच्छतागृहे आणि पाणी चालू ठेवावे. कुलूप मात्र कुठल्याही दाराला नको. माणसे उभी करावीत.

समाजमाध्यमांवरची शिवी निनावी असते, ओळखपत्र सक्तीचे केले की ती थांबेल, हेही तपासून घ्यावे. युरो 2020 च्या अंतिम सामन्यानंतर इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या खेळाडूंवर वर्णद्वेषी मजकुराचा मारा झाला. ट्विटरने त्या स्पर्धेतील अशा मजकुरासाठी कायमची बंद केलेली खाती तपासली, तेव्हा 99 टक्के खातेदारांची ओळख पटण्याजोगी होती. लोक स्वतःच्या नावानेच शिव्या देतात. उणीव पुराव्याची असते. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. पोस्टची लिंक, खात्याचे हँडल आणि वेळ हवी, कारण दर्शनी नाव क्षणात बदलता येते. आधी जतन, मग तक्रार, शेवटी ब्लॉक. आधीच ब्लॉक केले तर मजकूर आपल्यालाही पुन्हा सहज सापडत नाही.

शिक्षा व्यक्तीला झाली की फरक पडतो. इंग्लंडच्या फुटबॉल गुन्ह्यांविषयीच्या 1991 च्या कायद्यात वर्णद्वेषी घोषणा दोघांनी मिळून दिली तरच गुन्हा होता. 1999 मध्ये एकट्याची घोषणाही त्यात आणली गेली. न्यायालय तिथे तीन ते दहा वर्षे मैदानबंदी घालू शकते. 2023 च्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकाने 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत बळी गेलेल्या लिव्हरपूलच्या 97 चाहत्यांची खिल्ली उडवणारा शर्ट घातला. त्याला चार वर्षांची मैदानबंदी आणि 1,000 पौंड दंड झाला. क्लबला नाही, त्याला. (हिल्सबरोची दुर्घटना चाहत्यांच्या दांडगाईमुळे झाली असे अजूनही लिहिले जाते, 2016 च्या चौकशीत चाहते निर्दोष ठरले आहेत.)

शेवटी एक विनंती आपल्या क्रीडापानाला. एखाद्या खेळाडूला ट्रोल केल्याची बातमी देताना ती पोस्ट हँडलसकट छापली जाते. ज्याला शंभर जणांनी वाचले असते तो लाखांपर्यंत पोहोचतो. मजकुराचे स्वरूप एका वाक्यात सांगावे, चित्र छापू नये, आणि तक्रारीचे पुढे काय झाले याची बातमी महिन्याभराने जरूर द्यावी.

— प्रेक्षक व्यवस्थेत काम करणारा एक वाचक