पुण्याचे ८ अंश आणि ग्वाल्हेरचे ८ अंश

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला हिवाळी सहलींचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. मांडू, इंदूर, खजुराहो आणि ग्वाल्हेर अशी चार ठिकाणे एका चौकटीत घालून खाली आपण छापले आहे : हवा आल्हाददायक, हलके सुती कपडे पुरेत. त्याच लेखात वाचकांना डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला, म्हणजे तिथल्या संगीत महोत्सवाला, आवर्जून जायला सांगितले आहे.

तानसेन समारोह मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीच्या आवारात मांडव असतो, हरिकथा आणि मिलाद होऊन समारोह सुरू होतो. रात्रीच्या सभेला आम्ही घरून रजया नेतो. खाली सतरंजी असली तरी जमिनीचा गारवा पायांतून वर चढत राहतो. तुमच्या वाचकांपैकी कुणी साठी-सत्तरीचे गानप्रेमी जोडपे हा लेख वाचून सुती कुर्त्यावर तिथे येऊन बसले तर त्यांचे काय होईल, याचा विचार लेख छापण्यापूर्वी कुणी तरी करायला हवा होता.

मी रेल्वेत होतो. झाशी ते ग्वाल्हेर या पट्ट्यातल्या छोट्या स्टेशनांवर मास्तरकी केली, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी राहून. त्यामुळे इथले धुके मी खिडकीतून नाही, ड्यूटीवर पाहिले आहे. आमच्याकडे नियम असा होता की स्टेशनपासून १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की धुक्याची व्यवस्था सुरू करायची. मग फॉग सिग्नलमन पटाखे घेऊन निघायचा. पहिल्या सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे रुळावर दोन पटाखे, एकमेकांपासून १० मीटरवर बसवायचे. इंजिन त्यांच्यावरून गेले की दोन आवाज होतात आणि ड्रायव्हरला कळते की सिग्नल जवळ आला, डोळे ताणा. गाडी गेली की तो माणूस पुन्हा दोन पटाखे लावायचा. असे पहाटेपर्यंत. रुळाच्या कडेला काटक्यांची शेकोटी, अंगावर रेल्वेचा कोट, वर घरची घोंगडी, आणि तरीही हात इतके आखडलेले की पटाख्याची पट्टी रुळाला वळवता येत नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो आहे, म्हणून सांगतो.

लेखात एक वाक्य असेही आहे की उत्तरेतल्या लोकांना तिथल्या हवामानाची सवय असते. हे वाक्य मी दादर, पुणे, ठाणे इथल्या नातेवाइकांकडून आयुष्यभर ऐकत आलो आहे. अहो, ४५ अंशांची आणि ३ अंशांची सवय कुणाच्याही शरीराला होत नाही. आम्ही सोय करतो. उन्हाळ्यात दुपारी बाजार ओस असतो, कूलरला वाळ्याचे तट्टे लावतो, कैरीचे पन्हे प्यायल्याशिवाय मुलांना उंबऱ्याबाहेर सोडत नाही. हिवाळ्यात रजया पुन्हा पिंजून घेतो, कानटोपी घालतो, तीळ-गुळाची गजक खातो. ज्याच्याकडे सोय नसते तो मरतो. दर वर्षी थोडे थोडे जण मरतात आणि त्याची बातमी आतल्या पानावर येते.

आता मुख्य गोष्ट. २००३ च्या जानेवारीत माझ्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, दादरला असायची. वय ७६. भावाला ८१ दिव्यांनी ओवाळायचे म्हणून ती हट्टाने निघाली. मी आतेभावाला फोनवर दोनदा सांगितले, तिला लोकरीचे घाल, पायात मोजे घाल, धुके पडते आहे. तो म्हणाला, अरे, थंडी दिल्लीला असते, तुम्ही तर मध्य प्रदेशात. वर म्हणाला, आमच्या पुण्यालाही ८ अंश होते हं, आम्ही काही कुडकुडत बसत नाही. आत्याच्या अंगावर सुती लुगडे आणि देवळात जाताना घेतात तसली पातळ शाल.

झाशीपर्यंत गाडी बरी आली. पुढे धुक्यात एकामागोमाग गाड्या अडकल्या आणि त्यांची गाडी दतिया-डबऱ्याच्या मधे रात्रभर उभी राहिली. स्लीपरचा डबा, खिडकीची लोखंडी झडप खालपर्यंत न बसणारी. चहावाला नाही, दिवा नाही. माझी त्या दिवशी सुटी होती, मी ग्वाल्हेरच्या फलाटावर पहाटेपासून उभा. आत्या उतरली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि तेव्हाही फलाटाचे पलीकडचे टोक दिसत नव्हते. तिच्या हातात नारळाच्या वड्यांचा पितळी डबा होता. डबा घ्यायला गेलो तर तिची मूठ सुटेना. कडीभोवती वळलेली बोटे मी एकेक करून उलगडली. ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती आणि ओठ हलत नव्हते.

संध्याकाळी ताप चढला, दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया. अकरा दिवस इस्पितळात. घरी सोहळा ठरल्या दिवशी झाला, गुरुजी आणि माणसे बोलावलेली होती. बायकांनी ओवाळले, पण वडील पाटावर गप्प बसून होते. दुसऱ्या दिवशी ते निरांजन आणि तबक घेऊन रिक्षाने इस्पितळात गेले. नर्सबाईंनी दारातच सांगितले, ऑक्सिजन चालू आहे, आत ज्योत चालणार नाही. ते बरोबरच होते. मग आत्याने पडल्या पडल्या सुपारी आणि अंगठीने भावाला ओवाळले, अक्षता टाकल्या. तिचा हात वर राहीना म्हणून मी कोपराखाली धरला होता. ती वाचली, फाल्गुनात परत गेली. पण छाती कायमची अधू झाली, पुन्हा प्रवास झाला नाही. पुढच्या वर्षी वडील गेले. भावा-बहिणीची ती शेवटची भेट.

आतेभावाला मी दोष देत नाही. त्याच्या मनात जे चित्र होते ते तुमच्या लेखातही आहे. पुण्याचे ८ अंश आणि आमचे ८ अंश हे एकच, असे त्याला वाटले. तुमच्याकडे ८ अंशांची सकाळ उजाडते, नऊ वाजता ऊन चढते आणि दुपारी पारा २८-२९ वर जातो. लोक दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरतात. भिंती तापतात, अंथरूण उन्हात टाकता येते, आंघोळीचे पाणी बादलीत कोमट होते. आमच्याकडे धुके बसले की सूर्य कधी दुपारी दोनला पांढऱ्या थाळीसारखा दिसतो, कधी दिसतच नाही. सकाळचे ८ दुपारपर्यंत १२-१३ होतात आणि चारला पुन्हा उतरायला लागतात. असे पाच-सहा दिवस ओळीने गेले की घराच्या भिंतींतूनच थंडी येते, वाळत घातलेले पंचे तीन दिवस ओले राहतात. हवामान खात्याने याला वेगळे नाव दिले आहे, शीत दिवस. किमान तापमान १० किंवा खाली आणि कमाल तापमान सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी, असा तो दिवस. थंडीची लाट वेगळी, शीत दिवस वेगळा. वर्तमानपत्रे मात्र फक्त रात्रीचा आकडा छापतात आणि वाचक त्यावरून ताडतो. दुपारचा आकडा त्याच्या शेजारी छापला असता तर आतेभावाला फोनवर काही समजावून सांगावे लागले नसते.

आणि मध्य प्रदेश म्हणजे एक हवा नव्हे. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर, जवळजवळ पुण्याइतक्याच उंचीवर. पाऊस तर पुण्यापेक्षा जास्तच. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही गार होते, शब-ए-मालवा म्हणतात ती उगाच नाही. इंदूरचे मराठी लोक महाराष्ट्रातल्या पाहुण्याला सांगतील की स्वेटर एकच आण, तर ते त्यांच्यापुरते खरे आहे. ग्वाल्हेर तिथून पाचशे किलोमीटर उत्तरेला, जेमतेम २०० मीटर उंचीवर, गंगा-यमुनेच्या मैदानाच्या काठाला आहे. आग्रा आम्हाला १२० किलोमीटर. उन्हाळ्यात राजस्थानातून येणारी लू आमच्या अंगावर थेट येते, हिवाळ्यात हिमालयाकडची हवा थेट येते, मधे अडवायला काही नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, येऊन मावठ्याचे चार शिंतोडे पडले, मग आकाश मोकळे झाले आणि वारा पडला की आमच्या स्टेशनवरचा पोर्टर न विचारता पटाख्यांची पेटी काढून ठेवायचा. जमीन ओली, शेतांत गहू-मोहरीला पाणी दिलेले, रात्रभर उष्णता वर निघून जाते आणि पहाटे जमिनीलगत धुक्याचा थर बसतो. हे आमच्या खलाशालाही, म्हणजे रेल्वेच्या मजुरालाही, ठाऊक होते. लेख लिहिणाऱ्याने ग्वाल्हेरच्या एका माणसाला फोन केला असता तरी चालले असते.

उलट बाजूनेही हाच घोळ होतो. आमच्याकडची मुले नोकरीला मुंबईला जातात तेव्हा घरचे म्हणतात, ३४ अंश म्हणजे काहीच नाही, आपल्याकडे ४५ असते. मग पोरगा फोन करून सांगतो की कूलर लावला तर खोलीत आणखी घुसमटायला होते. होणारच. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, ते कोरड्या हवेत. मुंबईची हवा आधीच ओली, तिच्यात आणखी पाणी घालून काय मिळणार? तिथे घाम वाळत नाही, हा त्रास आमच्या ४५ अंशांत नसतो. तेव्हा मुंबईकर उकाड्याची तक्रार करतात तेव्हा ते नाजूक आहेत असे आम्हीही म्हणू नये.

जाता जाता आणखी एक. त्या लेखात आमच्या गावाचे नाव सात वेळा आले आहे आणि सातही वेळा ग्वालियर. मराठीत ग्वाल्हेर आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ इथे मराठी घरे आहेत, इथल्या गायकीला साऱ्या महाराष्ट्रात ग्वाल्हेर घराणे म्हणतात. माझ्या आत्याची पत्रे ग्वाल्हेर या पत्त्यावर येत. हिंदी पेपर ग्वालियर लिहितात ते त्यांचे बरोबर आहे. मराठी पेपरने तसे लिहावे याचे मला फार वाईट वाटते.

समारोहाला अजून दिवस आहेत. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी ही विनंती. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला येणाऱ्याने जाड स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे आणावेत. गाडीत अंगावर घ्यायला रजई किंवा घोंगडी हाताशी ठेवावी, सामानात खाली नको. थर्मासमध्ये गरम पाणी असावे. गाडी सहा-आठ तास उशिरा येईल असे धरूनच औषधे आणि खाणे घ्यावे. म्हाताऱ्या माणसांना खिडकीची जागा देऊ नये. खोलीत सिगडी ठेवली तर खिडकी उघडी ठेवावी, दार-खिडक्या लावून कोळसा पेटवून झोपू नये.

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर,
लष्कर, ग्वाल्हेर